घराण्यातलं पहिलं उणे चिन्ह

जगातल्या प्रत्येक वस्तूला ताप येतो आणि तो वेळेवर बघितला नाही तर ती वस्तू दगावते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातं आपण निवडत नाही, आपल्या बायकोची बहीण निवडते. माझ्या थोरल्या मेहुणीनं, जिला आम्ही सगळेच ताई म्हणतो, हे गृहस्थ पसंत केले त्या दिवशी त्यांनी पोह्यांची बशी हातात घेण्याआधी पंजा उलटा करून बशीला लावून पाहिला होता. सासूबाईंना वाटलं, मुलगा सोवळ्याओवळ्याचा दिसतो. तसं काही नव्हतं, ते पोह्यांचा ताप बघत होते. पुढं आमच्या घरी यायला लागल्यावर ते आधी बसायचे नाहीत. आधी टीव्हीच्या पाठीला हात, मग फ्रिजच्या कुशीला, मग माझ्या मुलाच्या कपाळाला. "सकाळपासून चालू दिसतोय," ते टीव्हीकडे बघून म्हणत, आणि दिवसभर स्वयंपाकघरातून मान वर काढता आली नाही असं मला नुकतंच सांगून बसलेली माझी बायको चहा टाकायला निघून जाई.

हा दोष त्यांचा एकट्याचा नव्हता, रक्तातला होता. त्यांचे आजोबा संस्थानच्या काळात बागांच्या कामावर होते आणि तिथला थर्मामीटर रोज दोनदा पाहून वहीत आकडा लिहीत. संस्थान गेलं, नोकरी गेली, पण आजोबांनी घरी स्वतःचा थर्मामीटर टांगून वही चालूच ठेवली. मग वडिलांनी, मग आमच्या साडूंनी. बडोद्यातल्या हरणी भागात, त्यांच्या सोसायटीतल्या घराच्या व्हरांड्यात तो थर्मामीटर असे आणि खाली कपाटात वह्यांची चवड. त्या वह्यांत बडोद्याचे सगळे उन्हाळे होते, थोडेफार हिवाळेही होते, पण उणे चिन्ह एकही नव्हतं. असणार कुठून? बडोद्यात आम्ही शाल बाहेर काढतो ती मुख्यतः तिला हवा लागावी म्हणून.

नोकरी त्यांची एका रासायनिक कारखान्यात, मीटर दुरुस्त करायची. घरात कॉम्प्युटर आला आणि त्यांना समजलं की आतल्या मोठ्या पाटीवर मुंगीएवढी एक चिप बसलेली असते आणि ती गुपचूप मशीनचं तापमान, पंख्याचे फेरे आणि विजेचा दाब मोजत असते. साडूंना हे कळलं त्या दिवशी त्यांचा चेहरा हरवलेला भाऊ सापडल्यासारखा झाला होता. अडचण इतकीच, की त्या चिपचं बोलणं मशीनला समजत नव्हतं. मध्ये दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि त्या चिपचा ड्रायव्हर कोणी लिहिलेलाच नव्हता. देशोदेशीची काही मंडळी असे ड्रायव्हर लिहून लिनक्स नावाच्या कॉम्प्युटर-प्रणालीसाठी फुकट वाटत, एकमेकांना इंटरनेटवरून पत्रं पाठवून चुका दाखवत. साडू त्यांच्यात सामील झाले. चिपची माहिती देणारी चोपडी त्यांनी छापून आणली, आठ महिने तिची पारायणं केली, समासात पेन्सिलीनं टिपा लिहिल्या आणि ड्रायव्हर लिहून पाठवला. आकडा सत्तरच्या वर गेला की मशीननं आपणहून बंद व्हावं, अशीही सोय त्यात केली. तो मंडळींनी स्वीकारला तेव्हा पहिल्या ओळीत साडूंचं नाव होतं. साडूंनी ते पान छापून आणलं आणि ताईंनी त्याला हळदकुंकू लावलं. मी हसलो, पण खरं सांगायचं तर मलाही अभिमान वाटला होता.

आणि मे महिन्यात ते पत्र आलं. साडूंचं इंग्रजी चोपडीपुरतं, त्यामुळं माणसांची पत्रं वाचायला ते मला बोलवत. मी इतिहासाचा मास्तर, उन्हाळ्याची सुट्टी, बोलावलं की जावं लागे. पत्र पृथ्वीच्या पार दक्षिणेकडून एका रोपवाल्याचं होतं. त्याचं काचघर होतं, शेजारच्या पत्र्याच्या खोलीत कॉम्प्युटर, आणि काचघरातली शेगडी चालू-बंद करायचं काम त्या कॉम्प्युटरचं. साडूंचा ड्रायव्हर घातल्यापासून मशीन पहाटे पहाटे आपणहून बंद पडत होतं, शेगडी विझत होती आणि रोपांचे दोन वाफे मेले होते. बंद पडण्याआधीचा शेवटचा आकडा त्यानं लिहून पाठवला होता. तापमान, दोनशे पंचावन्न.

साडूंच्या तोंडचं पाणी पळालं. दोनशे पंचावन्न अंशांवर काय काय वितळतं याची यादी त्यांना तोंडपाठ होती आणि ती त्यांनी मला ऐकवली. ड्रायव्हर ताबडतोब काढून टाका, असं त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. माणसाचं सौजन्य बघा, त्यानं उलट कळवलं की काढलाय, पण पंख्याचा भरवसा नाही, याआधी एक मशीन जळलंय, तेव्हा आता मीच पहाटे उठून मशीनला हात लावून बघतो. ते वाक्य मी वाचलं आणि साडू उठून व्हरांड्यात गेले. कोणीतरी लांबच्या देशात आपल्यामुळं पहाटे उठून हात लावून बघतंय, हे त्यांना सहन होईना. त्यात मंडळींच्या म्होरक्याचं पत्र आलं. फार सभ्य भाषेत त्यानं लिहिलं होतं, की नवी आवृत्ती शनिवारी निघते, तोवर कारण सापडलं नाही तर हा ड्रायव्हर वगळावा लागेल. तो दिवस मंगळवार होता.

बुधवारी साडूंनी रजा टाकली आणि स्वतःचं मशीन तापवायला घेतलं. ते गच्चीवर नेलं. मेमधली बडोद्याची गच्ची, तिथं ताईंच्या कुरडया वाळत होत्या, त्या सरकवून मध्ये कॉम्प्युटर, त्यावर दुलई. आकडा बावन्नपर्यंत गेला, पुढं हलेना. मग दुलईच्या आत गरम पाण्याची पिशवी घातली. एकसष्ट. पिशवी फुटली, मशीन वाचलं, कुरडयांचा लगदा झाला. ताईंनी आकांडतांडव केलं नाही, नुसतं बोलणं बंद केलं, आणि ते जास्त भयंकर होतं. गुरुवारी साडूंचे डोळे खोल गेले होते. जेवण नाही, दाढी नाही. कधी नव्हे ते त्या दिवशी त्यांनी माझ्या मुलाच्या कपाळाला हात लावला नाही. मी म्हटलं, जाऊ द्या, फुकटचं काम, काढला तर काढला. त्यावर ते हळूच म्हणाले, "साडूभाऊ, नाव काढलं तर काढू दे ने. पण मी ताप चुकीचा सांगितला. आमच्या घरात कोणी चुकीचा आकडा लिहिला नाही."

काहीतरी करायचं म्हणून मी त्या रोपवाल्याचं पत्र पुन्हा मोठ्यानं वाचायला घेतलं. शेवटी त्यानं पत्र आखूड झाल्याबद्दल माफी मागितली होती, थंडीनं बोटं वळत नाहीत म्हणून. मंगळवारी आम्ही ती ओळ शिष्टाचार समजून सोडून दिली होती. आताही साडू म्हणाले, मे महिन्यात कसली थंडी, लिहायचा कंटाळा असेल. पलीकडे गहू निवडत बसलेल्या ताई शाळेत भूगोल शिकवतात. दोन दिवसांत त्या पहिल्यांदा बोलल्या, त्याही माझ्याकडे बघून. "सांगा यांना, विषुववृत्ताच्या खाली मे महिन्यात थंडी सुरू होते. सहावीच्या मुलांना येतं."

साडूंनी चोपडी काढली, भराभर पानं उलटली आणि एका पानावर थांबले. ते पान त्यांनी मला दाखवलं नाही. फक्त म्हणाले, उद्या थंडी पाहिजे.

शुक्रवारी दुपारी, बडोद्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, आम्ही वाघोडियाला निघालो. तिथल्या एका आइस्क्रीमच्या कारखान्यातले मीटर साडूंनी कधीतरी दुरुस्त करून दिले होते. पुढं स्कूटर चालवणारे साडू, अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, कारण तिथं पोचल्यावर घालण्यात वेळ जायला नको. मागं मी, मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. रिक्षावाले वळून बघत होते. कारखान्याच्या शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, आ ठंडी आइस्क्रीमनी छे, कम्प्युटरनी नथी." पण माणूस चांगला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा पडदा काढून दिला, वायर दारातून आत सोडू दिली आणि घड्याळ बघून पंधरा मिनिटं दिली, कारण दार किलकिलं राहिलं तर त्याचा माल बिघडत होता.

आत आम्ही दोघं आणि बर्फाचा धूर. मशीन मांडून चालू करेपर्यंत आकडा सत्तावीसवर आला होता. एकवीस. चौदा. माझे दात वाजत होते, मी साध्या सदऱ्यात होतो. नऊ झाले तेव्हा शेठनी बाहेरून दार वाजवलं. साडू हललेच नाहीत. पाचवर तो अडकला, इतका वेळ की मला वाटलं संपलं. माकडटोपीतून साडूंचे नुसते डोळे दिसत होते. चार. तीन. दोन. एक. शून्य. आणि मग पडद्यावर दोनशे पंचावन्न उमटलं आणि मशीन आपणहून बंद झालं.

साडू त्या थंडीत खाली बसले. मी घाबरून त्यांना धरलं तर ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. त्यांनी स्वेटरच्या आतून चोपडी काढली आणि आता ते पान माझ्यासमोर धरलं. शून्याच्या खाली गेल्यावर ही चिप उलटीकडून मोजते, असं तिथं स्वच्छ छापलेलं होतं. स्कूटरचे किलोमीटरचे आकडे शून्यावरून मागं फिरवले तर सगळे नऊ येतात ना, तसंच. हिचा सगळ्यात मोठा आकडा दोनशे पंचावन्न, म्हणून उणे एकला ती तेच म्हणते. म्हणजे तिकडं मशीन गारठत होतं आणि आमचा दुभाष्या ओरडून सांगत होता की आग लागलीय. आणि छापलेल्या ओळीशेजारी समासात, साडूंच्या सुवाच्य अक्षरात, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'आपल्याला लागू नाही.'

दुरुस्ती दोन ओळींची होती. संध्याकाळी ती गेली. टीप मी इंग्रजीत लिहून देत होतो, हवामानाच्या असाधारण परिस्थितीमुळं वगैरे. साडूंनी ते खोडायला लावलं आणि लिहायला लावलं, की लिहिणारा बडोद्याचा आहे, त्यानं शून्याखालची थंडी कधी पाहिली नव्हती, चूक त्याची आहे. शनिवारी ड्रायव्हर राहिला. रोपवाल्यानं काही दिवसांनी कळवलं की आता तो सकाळपर्यंत झोपतो आणि उरलेल्या रोपांना कळ्या आल्या आहेत. साडूंनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. नंतर ताईंना नव्या कुरडया करायला चीक ढवळून दिला, अर्थात पातेल्याला पंजा लावून बघत बघत.

आता ते दोघं मुलीकडं असतात, फार लांब, फार थंड गावात. जाताना साडूंनी थर्मामीटर आणि चालू वही माझ्याकडं दिली. मी कुरकुर केली, पण रोज दोनदा आकडा लिहितो. रविवारी त्यांचा फोन येतो. आधी बडोद्याचा आकडा विचारतात, मग माझ्या मशीनचा, मग माझा. गेल्या रविवारी ते जरा थांबून म्हणाले, "इथं आज उणे अकरा. वहीत लिहून ठेवा."

"बडोद्याच्या वहीत?" मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "आता आपल्याला लागू आहे."

मला त्यांची फार आठवण आली, आणि ते फोनवरच होते. मग त्यांनी फोन ठेवला. मी वही उघडून बडोद्याच्या एकतीसखाली उणे अकरा लिहिलं. तीन पिढ्यांत कोणी न काढलेली ती आडवी रेघ मी पट्टी लावून काढली. मग मी पंजा उलटा करून रिसीव्हरला लावून पाहिला. तो अजून कोमट होता.