सतरा इंचाचा खलनायक

"लोकायले दिसलं पाह्यजे, राजा!" असं म्हणून ते गाडीच्या टपावर थाप मारायचे आणि मग चहा मागायचे. चहा पाजल्याशिवाय त्यांच्या गाडीला हात लावायची माझी कधी हिंमत झाली नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याचा आवाज त्याच्या आधी दुकानात शिरतो.

माझं गडचिरोलीत चंद्रपूर रोडला टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. हे गिऱ्हाईक म्हणजे झाडीपट्टी नाटकातला नावाजलेला खलनायक. मी त्यांना भाऊ म्हणायचो. दिवाळीनंतर धान निघालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटकं लागतात आणि होळीपर्यंत या माणसाला स्वतःचं घर दिसत नाही. बाकीचे कलाकार कंपनीच्या मिनीबसमधून यायचे. भाऊ यायचे स्वतःच्या निळ्या, दोन दारांच्या स्पोर्ट्स गाडीतून. नागपूरच्या कुण्या बिल्डरच्या पोराने वापरून सोडलेली ती गाडी गावात शिरली, की सारं गाव गोळा व्हायचं.

"पोस्टर फाटते, गाडी फाटत नाई," ते म्हणायचे.

गाडी नाही, टायर फाटायचे. चाकं एकोणीस इंची, त्यावरचा टायर भाकरीएवढा पातळ. ट्रकांनी खणून ठेवलेल्या धानोऱ्याच्या रस्त्यावर कधी टायर फुटायचा, कधी रिम वाकायची. शेवटी मी सतरा इंची रिम आणि जाड टायर सुचवले, बसवून पाहिले. पण लहान रिमचे आरे ब्रेकच्या कॅलिपरला घासू लागले, आणि चाक मडगार्डच्या आत दडून बसलं ते वेगळंच. भाऊंनी मागे सरून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे का बैलबंडी आहे? बाहेर काढ त्याले."

त्यावर उपाय म्हणजे स्पेसर. चाकामागे ॲल्युमिनियमची जाड चकती बसवायची, की चाक तेवढं बाहेर येतं. भाऊंनी ते आधीच नागपूरहून आणले होते. त्यांचं मधलं भोक मोठं होतं. चाक नीट मध्यावर बसणार नाही, सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरेल, मापाचे मागवू, असं मी सांगून पाहिलं.

"आज सावली गावाले शो आहे. लाव तू. हाललं तर येतोच वापस."

मी लांब बोल्ट टाकून लावून दिले आणि मापाचे मागवले. स्पेसर आले तरी भाऊंचा पत्ता नाही. अखेर एके दिवशी ऑइल बदलायला उगवले. गाडी कशी चालते विचारलं, तर म्हणाले, "मख्खन!"

मी चक्कर मारायला बाहेर काढली. सत्तरला गेलो आणि स्टिअरिंग असं थडथडलं की कोपरापर्यंत मुंग्या आल्या. परत आलो आणि म्हटलं, "भाऊ, तुम्ही गंमत करून राह्यले काय? गाडी चक्कीवानी हालते."

"कुठी?" त्यांनी विचारलं. अगदी खरं विचारल्यासारखं. नट आहे, मी हसलो. तुम्हीही हसला असता.

मी जॅक लावून पुढचं चाक काढलं. भाऊ धानोऱ्याहून गाडी हाणत आले होते, त्यात माझी चक्कर, त्यामुळे ब्रेकची डिस्क तापलेली होती. ते शेजारी उकिडवे बसून कुठल्याशा गावातली गंमत सांगत होते. तोल सावरायला त्यांनी डावा तळवा टेकवला तो थेट डिस्कवर, आणि गोष्ट पुढे चालू ठेवली. आधी वास आला मला. मी त्यांचा हात ओढला. कातडीचा तुकडा डिस्कवरच राहिला होता.

भाऊंनी तळव्याकडे पाहिलं, कुणी दुसऱ्याने आपला हात त्यांच्याकडे सांभाळायला दिल्यासारखं.

"डाव्यात काईच नाई," ते म्हणाले. "उजव्यात थोडं थोडं समजते."

बाही वर केली तर कोपराखाली फिकट चट्टा होता. आमच्या भागात शाळेपासून आरोग्यवाले चट्टे तपासतात, त्यामुळे या रोगाचं नाव कुणाला सांगावं लागत नाही. आम्ही दोघांनीही ते घेतलं नाही.

"सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट भेटतात, भाऊ. बरं होते."

"मालूम आहे. मग आशाताई घरी येते. बायकोची कातडी पाह्यते, पोरीची पाह्यते, शेजाऱ्यायची पाह्यते. गावाले अलग सांगाचं कामच नाई."

"पण हात वाकडा होईन ना."

"अन् कंपनीत समजलं तं? सीनमदी हिरॉइनचा हात धरतो मी. कोण देईन मले हात?" मग हळूच म्हणाले, "होळीवरी थांब. सीझन निंघून जाऊ दे."

"हात थांबते काय तवरी?"

त्यांनी भाजलेला तळवा पुढे केला. मी मलम लावलं, फडकं बांधलं, मापाचे स्पेसर बसवले, बोल्ट एकेक करून आवळले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नुसता सुन्न होतो. बायकोलासुद्धा बोललो नाही. त्यानंतर रस्त्याने निळी गाडी गेली की हॉर्न वाजायचा आणि मी हात वर करायचो.

होळी झाल्यावर भाऊ दवाखान्यात गेले. शब्दाचे पक्के. गोळ्यांनी अंग काळवंडलं, पण औषध लागू पडलं. त्यांच्यापासून आता कुणाला काही होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तोवर डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं होतं, ते तसंच राहिलं. गाडी चंद्रपूरच्या कुणी घेतली. पुढच्या सीझनला भाऊ मिनीबसमधून फिरू लागले. कंपनीत त्यांनी सांगितलं होतं, गाडीच्या कामात हात चेंगरला.

आमच्याजवळच्या एका गावात मंडई होती, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. रंगपटात शिरलो तर भाऊ मिशी चिकटवून बसले होते. कोट घातलेला, बटणं उघडी. त्यांनी छाती पुढे केली. मी बटणं लावून दिली.

"पुढं बस," ते म्हणाले. "मांगून मजा नाई."

खलनायकाला पुढच्या रांगेतल्या बाया शिव्या देतात, तीच त्याची टाळी. भाऊंनी उजव्या हाताने हिरॉइनला ओढलं. डावा कोटाच्या खिशात. तशी माझ्या शेजारची म्हातारी ताडकन उठली आणि ओरडली, "हात झडतीन रे तुहे, मुडद्या!"

मांडवात शिट्ट्या झाल्या. एरवी भाऊ अशा वेळी मिशीला पीळ देऊन आणखी दोन शिव्या मागून घ्यायचे. त्या दिवशी ते नुसते उभे राहिले. प्रॉम्प्टरला वाटलं वाक्य विसरले, त्याने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं.

भाऊंनी डावा हात खिशातून काढला. पुढे येऊन, दिव्याच्या उजेडात, वळलेल्या बोटांसकट म्हातारीसमोर धरला.

"झडले, बाई," ते खलनायकाच्या आवाजात म्हणाले. "पाहून घ्या."

असला मांडव मी कधी पाहिला नाही. सोंगच समजून लोक खुर्च्यांवर चढले, टोप्या उडाल्या. माझे हात मांडीवर होते, ते तिथेच राहिले. भाऊंनी हात पुन्हा खिशात घातला आणि राहिलेलं वाक्य घेतलं. शेजारची म्हातारी पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत होती.