बाळंतिणीचं पथ्य आणि ओनसी

ओनसी आमच्या नदीकाठच्या सात गावांची नर्स. अंगानं काटकुळी, पण आवाज असा खणखणीत की आमच्या संगीत नाटकाच्या फडात आली असती तर पहिल्या रांगेतल्यांना कानांवर हात ठेवावे लागले असते. नावाड्याची मुलगी. शहरात जाऊन वर्षभर शिकली आणि लाओसच्या या डोंगराळ कोपऱ्यात आपणहून परत आली. वजनकाटा आणि झोळी खांद्याला लावून ती घरोघर फिरायची. गावात भातगिरणी आली, तांदूळ पांढराशुभ्र निघू लागला, सगळे खूश झाले. ही मात्र दारात उभी राहून म्हणायची, "भात गोरा होतोय, तुम्ही पिवळे पडताय." लोक हसायचे, तिला पान द्यायचे आणि विसरायचे.

त्या वर्षी घसा बसला म्हणून मी गाण्याच्या फडातून रजा घेऊन थोरल्या बहिणीकडे, फिमफाकडे, राहिलो होतो. तिची सून तियांगखाम बाळंत होऊन अडीच महिने झाले होते. आमच्याकडे बाळंतीण निखाऱ्यांशेजारी बाजेवर शेकत पडते. खायला चिकट भात, मीठ आणि भाजलेलं आलं, प्यायला गरम पाणी. बाकीच्या घरांत हे पथ्य महिन्याभरात सुटतं. फिमफानं सुनेला ते सोडू दिलं नव्हतं.

बाळ दोन दिवस दूध ओढत नव्हतं. त्या दिवशी जेवणं झाल्यावर ते रडलं. तोंड उघडलं, कपाळावर आठ्या आल्या, मुठी वळल्या, पण आवाज नाही. घसा बसलेले नट मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांची निदान घरघर तरी ऐकू येते. इथं काहीच नव्हतं. फिमफा म्हणाली, शहाणं बाळ आहे, त्रास देत नाही. मी चप्पल न घालताच ओनसीला शोधायला पळालो.

ती आली. बाळाची नखं निळसर, पावलं गार, श्वास कुत्र्याच्या पिलासारखा भरभर. तिनं छातीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. मग विचारलं, आई काय खाते. फिमफानं अभिमानानं सांगितलं की एक दिवससुद्धा पथ्य मोडलेलं नाही. तांदूळ गिरणीचा, रात्रभर भिजवलेला, तीन पाण्यांनी धुतलेला. धुवण डुकरांना.

"डुकरं मग चांगली धट्टीकट्टी असतील," ओनसी म्हणाली. कुणी हसलं नाही.

तिनं थोडक्यात सांगितलं. भात म्हणजे सरपण. पोटात कितीही रचलं तरी ते पेटवायला काहीतरी लागतं, आणि ते तांदळाच्या कोंड्यात, मासळीत, शेंगांत असतं. त्याला बी-वन जीवनसत्त्व म्हणतात. कोंडा गिरणीत गेला, उरलंसुरलं धुवणात गेलं, म्हणून आईच्या दुधातही ते नाही. बाळाचं काळीज विझत चाललं आहे. तिच्याकडे त्याची दोन इंजेक्शनं होती.

फिमफा बाजेसमोर आडवी आली. पथ्यात बाहेरचं काही चालत नाही, तीन महिने पुरे होईपर्यंत नाहीच, असं तिनं बजावलं. मी मध्ये पडलो तर म्हणाली, तू नाटकातला, तुला बाळंतपणातलं काय कळतं. तिचा मुलगा कामाला परगावी. तियांगखाम भिंतीकडे तोंड करून रडत होती. आणि बाळाचा श्वास मोजता येईना.

ओनसीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आजी, पथ्य आईच्या तोंडाचं आहे ना? बाळाच्या मांडीचं पथ्य कुणी सांगितलंय?"

फिमफानं वळून सुनेकडे बघितलं. तेवढ्यात सुई टोचून झाली होती. दुसरी तियांगखामच्या दंडात गेली. तिनं स्वतःच बाही वर केली.

मग आम्ही बसलो. ओनसीच्या कपाळावर घाम होता. सुईनंतर बाळ गेलं असतं तर सातही गावांत तिला कुणी उंबरा ओलांडू दिला नसता, हे मला कळत होतं. तिला माझ्याआधी कळलं असणार. ती बाळाचं पाऊल हातात धरून होती, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, कारण बाळाकडे बघवत नव्हतं.

उन्हं कलताना ती म्हणाली, "पाऊल कोमट लागतंय." थोड्या वेळानं श्वास सावकाश झाला. बाळानं तोंड फिरवून आईला शोधलं आणि ओढायला लागलं. आवाज यायला पुढे चार दिवस लागले, पण त्या घटकेनंतर कुणाला शंका उरली नाही.

फिमफा चुलीपाशी बसून होती. तिथूनच म्हणाली, "माझी पहिली मुलगीसुद्धा अशीच मुकी झाली होती." ही गोष्ट तिनं मला, सख्ख्या भावाला, कधी सांगितली नव्हती. "तिसऱ्या महिन्यात गेली. मी चोरून बदकाचं अंडं खाल्लं होतं. एकच."

सगळ्यांना उलट उत्तर देणारी ओनसी उठली. चुलीपाशी तिच्याजवळ जाऊन बसली.

"अंड्यानं नाही गेली, आजी. अंड्यानं तिला दोन दिवस जास्त मिळाले असतील."

"मग कशानं?"

"तुमच्या कांडलेल्या, धुतलेल्या भातातून काय निघून जातं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हाला सांगणारं कुणी नव्हतं."

फिमफानं चुलीतली लाकडं मागे ओढली. मग उठली आणि आमच्यासाठी रांधलेलं मासळीचं कालवण वाटीत घेऊन बाजेपाशी आली. तियांगखाम घाबरून मागे सरकली. फिमफानं पहिला घास स्वतः खाल्ला, तिला दिसेल असा चावून गिळला, आणि दुसरा तिच्या तोंडापाशी धरला.