बाजरी दोन, ऊस तीन

शिरूरच्या एसटी स्टँडमागं प्रबंधांसाठी जमवलेल्या माहितीचं संगणकावर विश्लेषण करून देणारा एक माणूस बसतो. बोलताना तो स्क्रीनकडंच बघतो आणि दर वाक्यानंतर चष्मा शर्टाला पुसतो.

माझ्या प्रबंधाच्या पाहणीत शेतकऱ्यांचं मुख्य पीक, पाण्याची सोय, बियाण्याचं दुकान असे प्रश्न होते. उत्तरांना मी नंबर दिले होते. कांदा एक, बाजरी दोन, ऊस तीन. त्यांतून सॉफ्टवेअरनं उत्तरांमागचे छुपे घटक, म्हणजे शेतकऱ्यांच्या वृत्ती, शोधाव्यात, एवढीच माझी अपेक्षा.

त्यानं तक्ता काढला. "ह्याचा अर्थ सांगा, सर."

मी दहा मिनिटं सांगितला. पहिल्या घटकाला 'प्रगतिशील वृत्ती' असं नावही दिलं.

त्यानं काहीतरी बदलून दुसरा तक्ता काढला. "आन् ह्याचा?"

तो पार वेगळा होता. मी त्याचाही अर्थ तितक्याच झोकात सांगितला.

"माहिती तीच हाय. मी फकस्त ऊस दोन केला आन् बाजरी तीन." त्यानं चष्मा पुसला. "ऊस काय बाजरीपेक्षा एकानं मोठा असतो व्हय? आता दर पिकाला हाय-न्हाईचा वेगळा रकाना करू, आन् पद्धत बी बदलू."

तिसरा तक्ता निघाला. तो पहिल्यांदाच माझ्याकडं वळला.

"बोला, सर."

मी चहा मागवला.