मॅडम, चालेल का?

पीएच.डी.चं पहिलं वर्ष उत्साहात जातं आणि शेवटचं बाइंडिंगवाल्याकडे. मधल्या दोन-तीन वर्षांत संशोधन किती होतं ते विचारू नका, पण किस्से मात्र ढिगानं होतात! सोलापुरात भूगोलाची गाईड म्हणून बसल्यापासून माझ्याकडे इतके साचलेत, की एखाद्याचा प्रबंध होईल.

मधल्या वर्षांतला विद्यार्थी ओळखायची खूण एकच. तो दारात उभा राहतो आणि म्हणतो, "मॅडम, चालेल का?" काय चालेल, ते नंतर सांगतो.

*

रेश्मा बार्शीची. तिथल्या बाजारावर तिचं काम. तिचा चॅप्टर तपासत असताना घरून ज्वारीची पोती आणायचा फोन आला, आणि विसरायला नको म्हणून मी मार्जिनमध्येच लिहिलं, 'मालदांडी ज्वारी दोन कट्टे'.

पंधरा दिवसांनी दुरुस्त केलेला चॅप्टर आला. त्यात छापील वाक्य, "बार्शीच्या बाजारात प्रामुख्याने मालदांडी ज्वारी, दोन कट्टे, आढळते." आणि खाली संदर्भ म्हणून माझं नाव!

"अगं, ते मी घरच्यासाठी लिहिलं होतं!" मी डोक्याला हात लावला.

तिनं शांतपणे पेन काढलं. "मग काढून टाकू का मॅडम? चालेल का?"

*

त्या दिवशी मी फतवा काढला. यापुढे नुसता प्रश्न आणायचा नाही. प्रश्नासोबत स्वतःचं उत्तर आणायचं, नाहीतर दारातूनच परत!

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर चिठ्ठी. "प्रश्न : चार दिवस रजा मिळेल का? उत्तर : मिळेल. आपली, रेश्मा."

मी फोन लावला, तर बाई बार्शीच्या एसटीत!

"मॅडम, उत्तर चुकलं का?"

चुकलं नव्हतं. मी वैतागले, पण मनातून बरंही वाटलं. चला, एक तरी शिकायला लागली!

*

खरी काळजी होती सिद्रामची. अक्कलकोटच्या अलीकडच्या एका गावातला, मेंढ्या राखणाऱ्या घरातला पोरगा. मेंढपाळ दरवर्षी कोणत्या वाटेनं जातात, यावर त्याचं काम. हुशार, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

दर सहा महिन्यांनी एक समिती यांची प्रगती तपासते. गेल्या खेपेला तिनं सिद्रामवर शेरा मारला होता, "स्वतःचा विचार दिसत नाही. पुन्हा असेच आढळल्यास नोंदणी रद्द करावी."

शेरा त्याला होता, पण लागला मला. कारण मेंढपाळांवर माझीही पीएच.डी. 'यांची वाट पाणी ठरवतं,' असं मी फार वर्षांपूर्वी लिहिलं होतं. सिद्रामनं तेच जसंच्या तसं उतरवून काढलं होतं. मॅडमचं कसं चुकेल?

*

मी त्याला फॉर्म देऊन गावी पाठवलं. पहिली मुलाखत स्वतःच्या वडिलांची! गड्यानं फॉर्ममधली छापील भाषाच वाचायला घेतली.

"आपले संपूर्ण नाव सांगावे."

वडील त्याच्याकडे बघतच राहिले. "आरं, तुला बापाचं नाव म्हाईत न्हाय व्हय?"

"फॉर्ममधी हाय आप्पा. मॅडमनी दिलाय." मग पुन्हा छापील, "आपणांस अपत्ये किती?"

"तीन हुती," आप्पा म्हणाले. "एक कालेजात गेलं आन् वाया गेलं. दोन लिव!"

सिद्रामनं दोन लिहिलं! तो फॉर्म मी अजून जपून ठेवलाय.

*

त्याच खेपेला त्यानं वाटांचा नकाशा घरात जमिनीवर पसरला होता. आप्पांनी काही बघितला नाही. भाकरी थापता थापता आई उठून आली आणि तिनं एका वळणाचं गाव विचारलं. त्यानं नाव सांगितलं.

"तितं तर आपली शांता दिलीया की!" पुढचं वळण? "तितं तुजी आत्या." त्याच्या पुढचं? "तितं चुलतीचं म्हायार."

सिद्राम मग गावातल्या घराघरांत बायकांपुढे नकाशा घेऊन बसला. आणि महिनाभर मला काहीच बोलला नाही. मला कळलं ते रेश्माकडून. "मॅडम, सिद्राम तुमच्या विरोधात चाललाय!"

खोटं कशाला सांगू, आधी मला रागच आला. आमच्याच ताटात जेवून... वगैरे. मग घरी जाऊन जुना प्रबंध काढला, मागची मुलाखतींची यादी बघितली. सगळे बाप्ये! एकही बाई नाही. आणि ही यादी करणारी मी स्वतः बाई! लाज वाटली हो.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं. नकाशा टेबलावर ठेवून तो कसाबसा म्हणाला, "मॅडम, चालेल का?"

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "समितीपुढे तू सांग. मी तोंड उघडणार नाही."

त्याचा चेहरा असा पडला, की मला त्या रात्री जेवण गेलं नाही. हा तिथं गप्प राहिला तर तीन वर्षं पाण्यात!

*

समितीचा दिवस. सिद्राम उभा राहिला.

"दुष्काळाच्या वर्षी वाट पाणी ठरवते," तो अगदी छापील मराठीत म्हणाला. "एरवी ती लेकीसुनांच्या गावांवरून जाते. तिथे रान मिळते, आधार मिळतो."

बाहेरून आलेल्या तज्ज्ञ सरांनी चष्मा वर केला. "पण तुमच्या गाईडनी तर पाणी लिहिलंय! मग त्यांचं चूक?"

सिद्राम माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घालून फाइल चाळत बसले.

सर वाट बघून कंटाळले आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, आता तुम्हीच सांगा. या मुलाचं बरोबर आहे का?"

इतक्या वर्षांची सवय, माझं तोंड उघडलंच! तेवढ्यात पुढून खणखणीत आवाज आला,

"मॅडमना काय इचारताय सर? मला इचारा की!"