आठेच शे

नंदुरबारबाहेर मिरची वाळवायच्या पथारीवर आम्ही नवरा-बायको देठ खुडत बसलो होतो. मी मोबाईलवर पेपर वाचून दाखवत होतो, तिला अक्षर येत नव्हतं. पेपरनं विचारलं होतं, वाचकहो, तुम्ही कुठून वाचता? ती म्हणाली, "लिखा, मी आठेच शे." मी 'इथेच आहे' असं पुटपुटत लिहू लागलो, तर म्हणाली, "चौथी शिकनात ना? मी सांगस तेच लिखा." तसंच लिहिलं, तिच्या नावानं पाठवलं. तपासून छापू, असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी छातीत कळ आली आणि ती गेली.

तेराव्याची पंगत उठली तेव्हा मोबाईल वाजला. तिचं उत्तर छापून आलं होतं. खाली कुणीतरी विचारलं होतं, "आठे म्हणजे कुठे, ताई?"

मी पथारीवर गेलो. मिरची केव्हाच उचलली होती. नुसतं तिचं बसायचं पोतं पडलेलं होतं. जवळ गेलो तर ठसका लागला, आत्ताच कुणी देठ खुडल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या पोत्याशेजारी जाऊन बसलो आणि त्या माणसाला लिहिलं, पथारीवर, माझ्या डाव्या हाताला.