ठिपक्यानंतरचं घर

दशांश चिन्ह मला सातवीत कळलं आणि तिथंच मी अडकले.

बोंडअळीची वर्षं होती. कापूस हाती लागत होता तोच थोडा, त्यात आम्ही वेचायला जायचो त्या शेतमालकाने नवा इलेक्ट्रिक काटा आणला. संध्याकाळी बायांची गाठोडी त्यावर चढायची आणि मालकाचा पोरगा आकडा मोठ्यानं वाचायचा. काट्यावर अठरा, ठिपका, पन्नास दिसलं की तो म्हणायचा, "अठरा किलो पन्नास ग्रॅम." म्हणजे जवळजवळ अर्धा किलो कापूस हवेत. तो लबाड होता की त्यालाच दशांश येत नव्हते, कुणास ठाऊक. बायांनाही ते पटायचं, कारण जन्मभर किलो वेगळे आणि ग्रॅम वेगळे, असंच मोजलेलं.

एकदा मी मायसोबत होते. गुरुजींनी फळ्यावर नुकतंच शिकवलं होतं, तेव्हा न राहवून बोलून गेले, "साडेअठरा आहे ते." झालं. दुसऱ्या दिवसापासून बाया माझ्याशिवाय गाठोडं काट्यावर ठेवेनात.

गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर पुसदचं वसतिगृह. मला जायचंच होतं, इतकं की झोपेतही मी ट्रंक भरायची. बाबांनी अट घातली, "तुई माय काटा वाचाले शिकली का तू जाय. बायाईले वाऱ्यावर सोडू नको."

मग माझी शाळा घरीच भरली. पोत्यावर कापसाचे दहा सारखे ढीग केले, हा एक किलो. एक ढीग, ते ठिपक्यानंतरचं पहिलं घर. त्या ढिगाचे पुन्हा दहा भाग, ते दुसरं घर. माय मान हलवायची आणि शेवटी म्हणायची, "पण पन्नास तं पन्नासच ना वं?" मी डोकं धरून बसायची. तिच्यावर ओरडायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली, माझी ढिगांची शिकवणी संपेना. घराचा दरवाजा दिवसेंदिवस लहान होत चाललाय असं वाटायचं.

शेवटच्या वेचणीला मला ताप होता, तरी उशिरा का होईना शेतावर गेले. मी टोकल्यापासून ठिपक्यानंतर पाच दिसला की साडे म्हणणाऱ्या मालकाच्या पोरानं काट्यावरचं एकवीस, ठिपका, शून्य पाच हे "साडेएकवीस" म्हणून वाचलं होतं. बाया खूश. माय हळूच शेजारणीला म्हणाली, "एकवीस किलो आन् पन्नास ग्रॅमच हाय वं. जास्तीचं आपल्याले नको."

मी तिथंच उभी राहिले. वाटेत विचारलं, तर तिनं लपवलं नाही.

"मले दिवाळीलेच समजलं होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"तू गेल्यावर मी बोलू कोणासंग? तुये बाबा तं घरात मुक्यावानी असतेत."

मला तिचा भयंकर राग आला. एवढ्या संध्याकाळी मी पोत्यावर घसा कोरडा केला होता, आणि ती मला बसवून ठेवत होती. रडूही येईना. बाबांना एक शब्द सांगितला की पुसद माझं होतं.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सकाळी बाबा चपला घालून तयार होते. "बस निघतेच आता. आला का तुया मायले काटा वाचता?"

माय चुलीजवळ भाकर थापत होती. तिचा हात थांबला. तिनं वर पाहिलं नाही.

"नाही," मी म्हणाले.

बाबांनी चपला काढल्या. माय पुन्हा थापू लागली.