जर्मन सुरीचं गाव कुठलं?

"ह्या तुमच्या जर्मनच्या सुऱ्या. मोजून घे. एक बी खोकं फोडल्यालं न्हाय."

गौरव्वा मावशींनी पिशवी काउंटरवर ठेवली नाही, आपटली. आत चार डझन सुऱ्या. जयसिंगपूरहून एसटीनं मांडीवर घेऊन आल्या होत्या. मावशी लग्नकार्याच्या स्वयंपाकाची कामं घ्यायच्या. हाताखाली पंधरा-वीस बायका. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या दुकानाचं त्या बाजूचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे त्याच. झारे, पराती, कढया, सगळं आमच्याकडून जायचं.

"काय झालं मावशी? धार नाही का?"

"धार कुणी बघितलीया! जर्मलची सुरी कांद्यात घातली तर कांदा ऱ्हाईल बाजूला, सुरीच वाकंल. स्टीलची दे म्हटलंतं न्हवं? तर जर्मल गळ्यात मारलंस व्हय गं? आणि म्हणं शिकल्याली!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. आमच्याकडं ॲल्युमिनियमला जर्मल म्हणतात, कुणी जर्मनही म्हणतं. जर्मलचं पातेलं, जर्मलचा डबा. भांड्यांच्या जातीत सगळ्यात खालची पायरी. आणि बिलावर मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'जर्मन सुरी, ४ डझन'. मावशींच्या सुनेनं ते मोठ्यानं वाचलं. सगळ्या बायका हसल्या. विषय संपला. खोकं उघडून बघायची कुणाला गरजच वाटली नाही.

मीही हसले. तिथं हसायला नको होतं, कारण पुढच्या पाच मिनिटांत हसू जिरणार होतं.

आधी माझं सांगते. मी सुनंदा, उचगावची. वडील बाजारात हमाली करायचे, आई दुसऱ्याच्या गोठ्यात म्हशी धुवायची. आमच्या घरातली पहिली बी.कॉम. मी. हे मी अजूनही सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे. आणि या प्रकरणात घोटाळा झाला तो त्याच अभिमानामुळं.

दुकानाचे मालक अण्णा. चंदगडाकडचे, घरात कानडी बोलणारे. मला ते 'तंगी' म्हणायचे. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, दुकानात कसली तरी टंचाई आहे आणि मालक सारखे तिच्या नावानं ओरडतात. अण्णांना मराठी वाचता यायचं, कानडी यायचं, इंग्रजीतले फक्त आकडे यायचे. मी सेल्सला होते, पण खरेदी मात्र अण्णा कुणाला देत नव्हते. तीस वर्षं त्यांच्याच हातात.

दोन हजार सालानंतर परदेशी माल उघडपणे यायला लागला. मुंबईच्या एका आयातदाराचा माणूस सॅम्पल घेऊन आला. सुरीच्या पात्यावर इंग्रजीत कोरलेलं, 'जर्मन स्टील'. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. अण्णा नको म्हणत होते. मी आठ दिवस मागं लागले. शेवटी ते म्हणाले, "घे. ह्या सुऱ्या चालल्या तर दिवाळीनंतर खरेदी तुझ्याकडं. न्हाई चालल्या तर परत तोंड उघडायचं न्हाई." मी पेंटर बोलावून दाराशी बोर्ड लावला, 'अस्सल जर्मन सुरी'. शब्द माझेच.

तर आता त्याच सुऱ्या काउंटरवर परत आल्या होत्या, आणि अण्णा आत गल्ल्यावर बसून ऐकत होते.

मी एक खोकं फोडलं. सुरी काढली. ॲल्युमिनियम नाही हे दाखवायला ड्रॉवरमधलं लोहचुंबक आणलं आणि पात्याला लावलं. टक्‌कन चिकटलं.

"बघा. जर्मलला चुंबक चिकटतं का?"

मावशींचा चेहरा आणखीच उतरला. "म्हंजे लोखंड की गं! स्टीलला कुठं चिकटतंय चुंबक?"

हा समज अजूनही घरोघरी आहे, म्हणून सांगते. ताट-वाट्यांचं स्टील वेगळं असतं, त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. सुरीचं स्टील वेगळं. ते कडक लागतं, धार धरणारं लागतं, आणि त्याला चुंबक चिकटतं. गंजत दोन्ही लवकर नाहीत. स्टील म्हणजे एक वस्तू नाही, ते घराणं आहे. मावशींना मी एवढंच म्हटलं, "मावशी, तुमच्या घरातल्या सगळ्या सुना सारख्या आहेत का?"

"एक बी न्हाय," मावशी म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "बरं, मग जर्मन का लिवलंस?"

"जर्मनी देश आहे मावशी. तिथलं पोलाद जगात नावाजलेलं. हे बघा, लिहिलंय."

"मला काय वाचता येतंय? तू वाच. सगळं वाच. निम्मं वाचू नगस."

मी वाचायला लागले. वाचत वाचत मराठीत सांगत होते. पात्यावर, जर्मन स्टील. खोक्याच्या पुढच्या बाजूला, घरासाठी आणि हॉटेलसाठी. मागच्या बाजूला मुंबईच्या आयातदाराचं नाव आणि पत्ता, छापील किंमत. आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, 'मेड इन पी.आर.सी.'

"पीआरशी म्हंजे कुठलं गाव?" मावशींनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. आजवर मी ते खोकं उलटं करून वाचलंच नव्हतं. आत अण्णांचं पान चघळणं थांबलं होतं.

"कंपनीचं नाव आहे ते," मी म्हणाले.

'मेड इन'च्या पुढं कंपनीचं नाव येत नाही, जागेचं नाव येतं, एवढं पाचवीतल्या मुलाला कळतं. मला त्या क्षणी कळलं नाही असं नाही. कळलं, म्हणून तर घाईनं बोलले.

मावशींनी पिशवी उचलली. "तू म्हणतीस म्हंजे तसंच असंल. उगंच येरझार झाली बघ." त्या पिशवी घेऊन निघून गेल्या. अण्णांचं पान पुन्हा सुरू झालं. माझं मात्र दुपारचं जेवण डब्यातच राहिलं.

शेजारी बेअरिंगचं दुकान होतं. तिथले पाटीलभाऊ फाउंड्रीवाल्यांना माल द्यायचे. मी खोकं घेऊन त्यांच्याकडं गेले.

"भाऊ, पी.आर.सी. म्हणजे काय?"

"चीन," ते वर न बघताच म्हणाले. "पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना. आमच्या खोक्यांवर रोज बघतोय की. 'मेड इन चायना' लिवलं तर गिऱ्हाईक हातातनं खाली ठेवतंय. म्हणून ही तीन अक्षरं. का गं? तुझ्या जर्मन सुरीवर हाय व्हय?" आणि मग वर बघून असे हसले, की त्यांचा हिशेबनीसही उठून आला.

मी आयातदाराच्या माणसाला फोन लावला.

"मॅडम, स्टील जर्मनच आहे."

"सुरी कुठं बनली?"

"पॅकिंग आपलं भिवंडीला होतं."

"पॅकिंग नाही विचारलं. सुरी."

"तसं म्हणाल तर... फॅक्टरी तिकडची आहे. पण मॅडम, आम्ही 'मेड इन जर्मनी' कुठं लिहिलंय? दाखवा."

त्याचं खरं होतं. 'मेड इन जर्मनी' त्यांनी कुठंच लिहिलं नव्हतं. त्या अर्थाचं मी लिहिलं होतं. दाराशी, दोन फूट उंच अक्षरात.

इथं धंद्यातली गोम सांगते. 'जर्मन स्टील' या दोन शब्दांचे तीन अर्थ होऊ शकतात. एक, पोलाद खरंच जर्मनीत तयार झालं. दोन, पोलाद कुठलंही, पण त्यांच्या मापानं, म्हणजे त्यांच्या रेसिपीनं बनवलं. तीन, नुसतेच शब्द. यातल्या कशाचाही अर्थ 'सुरी जर्मनीत बनली' असा होत नाही. पात्यावर कोरलेलं असतं ते मिरवायला. खोक्याच्या तळाशी असतं ते कबूल करायला.

मी अण्णांच्या पुढं खोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. पाटीलभाऊ हसले तेही सांगितलं.

अण्णांनी खोकं उलटं करून तळ बघितला. मग म्हणाले, "इंग्लिश येतंय म्हणून ठेवलं तुला."

"येतंय अण्णा. तीन अक्षरं आली नाहीत."

"तुला ती आली न्हाईत ह्याचा राग न्हाई मला. मुंबईत फुटपाथवर 'कोल्हापुरी' म्हणून चप्पल मिळती, त्या चपलेनं कोल्हापूर बघितलेलं बी नसतंय. आपुन हसतोय न्हवं त्या घेणाऱ्यांवर? तसंच हे. पण गौरव्वाला कंपनीचं नाव म्हटलीस, ते मी ऐकलं. आता काय करतीस?"

"बोर्ड पुसते. आणि उद्या जयसिंगपूरला जाते."

"आणि खरेदी?"

मी खोकं उचलून काउंटरवर परत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. मावशी एका मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात होत्या. कांद्याची दोन पोती ओतलेली, भोवती बायका. माझ्याच सुऱ्यांनी कांदा चिरणं चाललं होतं. सपासप. एक म्हातारी तेवढी विळीवर बसली होती.

"ये गं," मावशी म्हणाल्या. "ह्या सुरीनं कांदा कापतोय का पाणी कापतोय, कळंना झालंय. कशाला आलीस?"

मी सगळ्यांसमोर सांगितलं. सुरी जर्मनीची नाही, चीनची आहे. आणि काल मी कंपनीचं नाव म्हणाले ते मला माहीत नसताना म्हणाले.

बायका चिरता चिरता थांबल्या. मावशींनी सुरी उलटसुलट करून बघितली.

"चीनची?"

"हो."

"जर्मलची न्हाय न्हवं?"

"नाही."

"मग झालं की! चीनची असू दे न्हाईतर चिक्कोडीची. कांद्याला कुठं ठावं हाय?"

सगळ्या हसल्या. विळीवरची म्हातारी म्हणाली, "मी म्हनलंतं, माझी विळी बरी. तिचं गाव मला ठावं हाय." पुन्हा हशा. मला वाटलं, सुटले.

मावशींनी सुनेला हाक मारली आणि न उघडलेली खोकी आणायला सांगितली. दोन डझन. ती माझ्या पिशवीत भरली.

"दोन डझन ठेवते, दोन डझन परत ने."

"का मावशी? चांगली चालतात म्हणालात की."

"चालत्यात. सुरीत खोट न्हाय. पर मी तुला इचारलं, आणि तू मला ठावं न्हाय म्हणाली न्हाईस. तेवढ्यासाठी दोन डझन परत. आज सांगाया आलीस, तेवढ्यासाठी दोन डझन ठेवल्या. जेवून जा आता."

मी जेवले. वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी. इतकं शांत जेवण मी कित्येक दिवसांत जेवले नव्हते.

बोर्ड आम्ही पुसला. नवीन लिहिला, 'सुरी चीनची. धार बघून घ्या.' काउंटरवर एक लाकडी फळी आणि टोमॅटोची पाटी ठेवली. ज्याला पाहिजे त्यानं कापून बघायचं. आधी घेऊन गेलेल्यांपैकी जे हाताशी लागले, त्यांना मी स्वतः सांगितलं. तिघांनी परत केल्या, अण्णांनी कुरकुर न करता घेतल्या. बोर्ड पुसायच्या आधी आलेल्या एका हॉटेलवाल्यानं 'मग बोर्ड पुसू नका, माझ्याकडं लावतो' म्हटलं. त्याला आम्ही दिला नाही. माल सावकाश खपला, पण खपला.

खरेदी दिवाळीनंतर माझ्याकडं आली नाही. पुढच्या गुढीपाडव्याला आली. अण्णांनी पुरवठादारांच्या कार्डांची पेटी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, "तंगी, खोकं खालनं वर वाचायचं." त्यानंतर सतरा वर्षं मी तसंच वाचलं. जपानच्या सुऱ्या आल्या, तैवानच्या आल्या, आपल्या देशातल्या चांगल्या आल्या. चीनच्या तर भरपूर आल्या, त्यातल्या काही फार चांगल्या होत्या आणि काही साबणसुद्धा कापत नव्हत्या. देशाच्या नावानं धार लागत नाही. पण देशाच्या नावाशेजारी कुठला शब्द आहे ते बघावं. 'मेड इन' असेल तर सुरी तिथं बनली. 'डिझाइन' असेल तर चित्र तिथं काढलं. 'स्टाइल' असेल तर तिथं कुणाला काही माहीतच नाही. आणि जे कळत नाही ते 'कळत नाही' म्हणावं. दोन डझनांत शिकले, स्वस्तात पडलं.

अजूनही ओळखीतलं कुणी तरी नवी सुरी दाखवायला आणतं आणि म्हणतं, "इंपोर्टेड आहे बरं का." मी विचारते, "कुठून?"

निम्मे लोक म्हणतात, "बाहेरनं."